मुलांच्या हातचे शुभेच्छापत्र



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि शिवकालीन दुर्ग यांवर व्याख्याने होतात, तेथे मुलांनी कातरून-चिकटवून केलेल्या शुभेच्छापत्रांवर कोणी तासभर बोलावे, हे काहींना जरा पोरकट वाटेल. पोरकट हा शब्द आपण दोष म्हणून वापरतो. आजच्या विषयापुरता मात्र तो सरळ अर्थाने घ्यावा अशी माझी विनंती आहे, कारण पोरांचे काय आणि मोठ्यांचे काय, एवढाच आज वादाचा मुद्दा आहे.

दिवाळीत, संक्रांतीला किंवा नाताळात मूल जाड कागदाची घडी घालते, खळ किंवा गोंद बोटांना माखून घेते, भेंडी चिरून तिचे रंगीत ठसे उठविते, आणि तो ओला कागद मामाला किंवा आजीला पाठवावयाचा म्हणून हट्ट धरते. हे कौतुकाचे काम पुरातन असावे असे आपण धरून चालतो. पण मुलाने सणाला कागद सजवून पाठविण्याच्या चालीचा लेखी माग लावू गेल्यास तो आपल्याला अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या शाळेत घेऊन जातो, आणि तेथे जे दिसते ते कौतुकाचे मुळीच नाही. मुलाच्या हातात कागद दिला कोणी, आणि त्याच्याकडून मागितले काय, हाच या इतिहासाचा गाभा होय.

नाताळच्या सुटीआधी त्या शाळांत मोठी गडबड उडे. प्रत्येक मुलास एक मोठा कागद मिळे. त्याच्या चारी कडांना तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे असत, आणि मधली जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत मुलाने आपल्या सर्वांत वळणदार अक्षरात एखादे बोधवचन किंवा आईबापांचे अभीष्टचिंतन लिहावयाचे आणि तो कागद सुटीत घरी नेऊन दाखवावयाचा. यास ‘ख्रिसमस पीस’ म्हणत. आपण त्यास नाताळचा कित्ता म्हणू. आपल्याकडे पुस्ती गिरविणाऱ्या मुलाला जी भीती असे, ती येथेही होती. शाई सांडली की मेहनत गेली, आणि कागदाचे पैसेही गेले!

हे कागद छापणाऱ्या लंडनच्या एका मुद्रकाच्या मुलाने १८७१ च्या सुमारास आपल्या वडिलांच्या धंद्याची आठवण लिहून ठेविली आहे, ती फार बोलकी आहे. त्यांच्याकडे या कागदाचे कोणी तीसेक विषय होते. दर वर्षी एक नवा घालावयाचा, एक जुना काढून टाकावयाचा. बहुतेक विषय बायबलच्या जुन्या करारातील. धर्माबाहेरचे असे त्याला चारच आठवत होते. प्रत्येक विषयाच्या पाचशेच्या आसपास प्रती निघत, येशूचरित्राच्या मात्र दुप्पट. चित्रे हाताने रंगवावी लागत, म्हणून छपाईला ऑगस्टातच हात घालावा लागे. किरकोळ विक्रीचा भाव सहा पेनी. आणि गिऱ्हाईक कोण? तर धर्मादाय शाळांतील गरीब मुले मोठ्या संख्येने. ही मुले नाताळच्या दिवसांत तो कागद घेऊन आपल्या पॅरिशमधून दारोदार हिंडत, आपले अक्षर दाखवीत आणि चार पैसे मागत.

म्हणजे पहा, एकाच कागदाचे दोन उपयोग. सुखवस्तू घरातील मुलाचा कित्ता ही बापाने भरलेली फी वाया गेली नाही याची पावती होती, आणि गरिबाच्या मुलाचा कित्ता हे भीक मागण्याचे साधन. आणखी एक गोष्ट या चित्रांआड दडलेली आहे. स्वस्त छापील चित्रांना रंग देण्याचे काम त्या काळी लंडनमध्ये पुष्कळदा मुलांकडूनच करवून घेत. टेबलाभोवती मुले बसवावयाची. एकाने सर्व कागदांवर फक्त तांबडा फासावयाचा, पुढच्याने निळा, त्यापुढच्याने पिवळा. ज्या मुलाने योसेफाचा अंगरखा दिवसभर शेकडो वेळा रंगविला, त्याला योसेफाची गोष्ट कोणी सांगितली होती की नाही, देव जाणे. एका मुलाच्या सणाचा कागद दुसऱ्या मुलाच्या मजुरीने रंगत होता.

आता १८४३ सालाकडे येऊ. शुभेच्छापत्राचा जन्म म्हणून सर्व ग्रंथांत हेच साल दिलेले असते, आणि छापील, विकाऊ नाताळपत्रापुरते ते खरे आहे. पण त्याला आधी टपाल लागले. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्यास भरावा लागे. अशा स्थितीत कोणी मुलाच्या चित्राचा कागद लांबच्या आत्याला धाडला असता, तर आत्याने शुभेच्छांऐवजी बिलच हाती आल्याचे म्हटले असते! रोलंड हिल याच्या योजनेने १० जानेवारी १८४० पासून देशभर कोठेही एका पेनीत पत्र जाऊ लागले. त्या योजनेच्या प्रचारात हिरिरीने राबलेला एक तरुण अधिकारी म्हणजे हेन्री कोल.

या कोलविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या कथेत तो दोनदा येतो, आणि दुसऱ्या वेळी आला की ओळखू येत नाही. १८४३ च्या डिसेंबरात नाताळच्या पत्रांची उत्तरे लिहिण्यास सवड मिळेना, म्हणून त्याने जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, शिळाप्रेसवर छापविले, हाताने रंगविले, आणि उरलेल्या प्रती एक शिलिंगला एक याप्रमाणे विक्रीस ठेविल्या. हजारच्या आसपास प्रती निघाल्या. त्याच महिन्यात डिकन्सची ‘ख्रिसमस कॅरल’ ही कादंबरिका लंडनच्या दुकानांत आली होती, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. कार्डाच्या दोन बाजूंस भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देण्याची चित्रे, आणि मध्ये तीन पिढ्यांचे कुटुंब मद्याचे पेले उंचावून बसलेले. त्यात एक लहान मूलही पेल्याला तोंड लावताना दिसते! दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी यावर काहूर उठविले. वर ‘यांस’ आणि खाली ‘यांजकडून’ अशी नावांची जागा तेवढी कोरी सोडली होती. ती जागा ध्यानात असू द्या, तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

पत्राला पेनी आणि कार्डाला शिलिंग, म्हणजे बारा पेनी. शेतमजुराची आठवड्याची कमाई आठ-दहा शिलिंगांच्या घरात असताना हे कार्ड कोण घेणार? धंदा म्हणून ते फसलेच म्हणावे लागेल. पण ते ज्या पत्त्यावरून विकले गेले, तो पत्ता आपल्या दृष्टीने कार्डापेक्षा महत्त्वाचा. ‘फेलिक्स समर्ली’ या टोपणनावाने कोल मुलांसाठी ‘होम ट्रेझरी’ नावाची पुस्तकमाला काढीत असे, आणि तिच्या कचेरीतून हे कार्ड निघाले. त्या काळी ‘पीटर पार्ले’च्या नावाने मुलांच्या माथी निव्वळ माहितीची पुस्तके मारली जात, त्यांत कल्पनेला वाव नाही, परीकथा नाहीत, चांगली चित्रे नाहीत, म्हणून चिडून कोलने ही माला सुरू केली. मुलांची पुस्तके खऱ्या चित्रकारांनी रंगवावीत, असा त्याचा आग्रह होता, आणि हॉर्सली त्याच मालेत चित्रे काढीत होता. मालेबरोबर छोट्या चित्रकारांसाठी रंगांची पेटीही विकावयास ठेविली होती. घरात लहान मुले असलेल्या बापाचे हे उद्योग आहेत, हे सांगावयास नकोच. तेव्हा, विकाऊ शुभेच्छापत्र आणि मुलांसाठीची रंगपेटी ही दोन्ही एकाच दुकानातून, एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली.

पुढच्या तीसेक वर्षांत नाताळचे कित्ते नाहीसे झाले. जे काम मुलाचे अक्षर करीत होते, ते छापखाना अधिक सुबकपणे करू लागला. १८७० साली अर्ध्या पेनीत कार्ड जाण्याची सोय झाली, दगडावरून अनेक रंगांत छापण्याची कला जर्मनीत पूर्णत्वास गेली, आणि कार्डांचा पूर लोटला. १८८० पर्यंत लंडनच्या टपालखात्यावर लोकांना नाताळची पत्रे वेळेपूर्वी टाकण्याची विनंती करण्याची पाळी आली. मुलांच्या वाट्याला काय उरले? तर ‘स्क्रॅप’, म्हणजे जर्मनीहून येणारी छापील, उठावदार, कडेने कापलेली देवदूतांची आणि गुलाबांची चित्रे. ती सोडवावयाची आणि चिकटवावयाची. हात मुलाचा खरा, पण चित्र कारखान्याचे.

ही कथा अटलांटिकपलीकडे ज्याने नेली, तो लुई प्रँग हा मूळचा ब्रेस्लाउचा. १८४८ च्या क्रांतीत गुंतल्यामुळे देश सोडून तो १८५० मध्ये अमेरिकेत आला आणि बोस्टनला त्याने रंगीत छपाईचा कारखाना उभारला. त्याची नाताळची कार्डे प्रथम इंग्लंडमध्ये आणि मग अमेरिकेत, १८७३ ते १८७५ या सुमारास विकली जाऊ लागली. १८८० मध्ये त्याने कार्डाच्या चित्रासाठी स्पर्धा जाहीर केली, पहिले बक्षीस एक हजार डॉलर. अमेरिकन लोक त्याला नाताळच्या कार्डाचा जनक म्हणतात. पण युरोपातून स्वस्त कार्डे येऊन पडू लागल्यावर, आपल्या हाताने हलका माल काढण्यापेक्षा त्याने नव्वदीच्या दशकात हा धंदा सोडून दिला. एवढे झाल्यावर त्याने आपले लक्ष वळविले कोठे? तर आधीच हाती घेतलेल्या शाळकरी मुलांच्या चित्रकलेकडे. १८८२ मध्ये त्याने शैक्षणिक साहित्याची कंपनी काढली होती. चित्रकलेच्या वह्या, आकृत्यांचे ठोकळे आणि शाळेत चालतील अशा जलरंगांच्या पेट्या ती पुरवी. कार्डे काढणाऱ्या दोन्ही थोर पुरुषांनी मुलांच्या हाती रंग दिले, याला मी केवळ योगायोग मानीत नाही. उत्तम छापील चित्र घरोघर पोचविण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याला केव्हातरी हे उमगतेच की नुसते पाहणारे लोक पुरेसे नाहीत.

परंतु रंग दिले म्हणजे हात मोकळा झाला असे नव्हे. येथे कोल दुसऱ्यांदा प्रवेश करतो. १८५२ पासून इंग्लंडच्या सरकारी कलाशिक्षणाची सूत्रे त्याच्याकडे आली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात त्याचे ठाणे पडले, आणि रिचर्ड रेडग्रेव्ह या सहकाऱ्याच्या हातून तेवीस पायऱ्यांचा एक अभ्यासक्रम निघाला. हा रेडग्रेव्हही ‘होम ट्रेझरी’चाच एक चित्रकार! आधी सरळ रेषा, मग बाह्यरेषा, मग छापील नमुन्याची नक्कल, मग भूमितीची घनाकृती. कारखान्यांना हवे होते ते अचूक हात. मुलांचे कल्पनाविश्व वाचविण्यास निघालेला फेलिक्स समर्ली लाखो मुलांना नमुन्याबरहुकूम रेषा ओढावयास लावून बसला. डिकन्सने १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये एक सरकारी अधिकारी रंगविला आहे. तो वर्गातल्या मुलांना दरडावून विचारतो की गालिच्यावर फुलांची चित्रे असावीत काय, आणि हो म्हणणाऱ्या मुलीला गप्प बसवितो. हे चित्र कोलवरूनच बेतलेले आहे, असे अभ्यासक मानतात. मला कोलची यात टवाळी करावीशी वाटत नाही. घरातल्या चार मुलांसाठी विचार करणारा माणूस निराळा आणि साऱ्या देशाच्या मुलांसाठी कोष्टक आखणारा अधिकारी निराळा. ते दोघे एकाच कोटात राहत होते इतकेच.

हे कोष्टक बोस्टनला पोचले. साउथ केन्सिंग्टनच्या तालमीतला वॉल्टर स्मिथ १८७१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात गेला, आणि त्याच्या चित्रवह्या प्रँगनेच छापल्या. आणि ते मुंबईलाही पोचले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८६५ साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे साउथ केन्सिंग्टनच्याच वळणातून आले. आपल्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या असतील, त्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही नावे ऐकताच हाताला घाम सुटल्याचे आठवेल. तांब्या आणि दोन कांदे समोर ठेवून तासन्‌तास बसलेल्या त्या वर्गांवर लंडनच्या तेवीस पायऱ्यांची लांब सावली पडलेली आहे. या परीक्षांनी महाराष्ट्राला कसबी हात दिले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु ड्रॉइंगच्या तासाला तांब्या काढणारे तेच मूल घरी दिवाळीचा किल्ला करताना मावळ्याला वाघापेक्षा मोठा करते आणि विहिरीत मोटार ठेवते, आणि त्यात त्याला काही चुकले असे वाटत नाही. शाळेचा हात आणि घरचा हात असे दोन हात आपल्या मुलांना असतात.

शुभेच्छापत्रे आपल्याकडे घरच्या हाताने आली. पाव आण्याचे पोस्टकार्ड हिंदुस्थानात १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, आणि आनंदाची बातमी असली की त्याच्या कोपऱ्यांना कुंकू लागू लागले. ते लावावयाचे काम पुष्कळ घरांतून मुलांकडे येई, आणि आई ‘कोपऱ्यालाच लाव, पत्त्यावर नको’ म्हणून ओरडे! संक्रांतीला पाकिटात काटेरी हलव्याचे चार दाणे आणि सोबत चित्राचा तुकडा जाई. वाटेत दाण्यांचे पीठ होई, ते वेगळे. पिंपळाचे पान पाण्यात कुजवून त्याची जाळी काढावयाची आणि तिच्यावर चित्र रेखावयाचे, हा उद्योगही अनेकांनी केला असेल. छापील दिवाळीकार्डे मागाहून आली. उघड्या पाकिटातून ‘बुक पोस्ट’ने ती स्वस्तात जात, म्हणून ती झपाट्याने पसरली. मुलाच्या हाताला आपल्याकडे शाळेत जागा देण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. बोर्डी आणि पुढे कोसबाड येथल्या बालवाड्यांत त्यांनी पाने, बिया, शिंपले, खडे अशा भोवतालच्या वस्तूंवर मुलांचे शिक्षण उभारले. विलायती साहित्याची महाग पेटी खेड्यात परवडत नाही, हे त्याचे एक कारण. आणि मुलाला आपल्या गावातली वस्तू हाताळू द्यावी, हे दुसरे.

युरोपात शाळेच्या हाताची आणि घरच्या हाताची ही गाठ सोडविली ती व्हिएन्नातल्या एका चित्रकाराने. फ्रान्झ सिझेक १८६५ साली बोहेमियातील लाइटमेरित्स या गावी जन्मला. व्हिएन्नात विद्यार्थी असताना तो एका सुताराच्या कुटुंबात राहत असे. त्या घरची मुले त्याच्या रंगांत हात घालीत, आणि समोरच्या लांबलचक फळ्यांच्या कुंपणावर गल्लीतली पोरे खडूने चित्रे काढीत, जागेसाठी भांडत. या चित्रांना काही स्वतःचे नियम आहेत, आणि ते तेवीस पायऱ्यांत कोठेच बसत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. १८९७ मध्ये त्याने मुलांसाठी वर्ग उघडला. फी नाही, नमुना नाही, नक्कल नाही. कागद कापा, लाकूड कोरा, लिनोलियमवर ठसा करा, रंगवा. विषय बहुधा आपल्या आयुष्यातला, आणि त्यात सण हा फार आवडीचा.

मग १९१४ चे महायुद्ध झाले, साम्राज्य कोसळले, आणि व्हिएन्नातल्या मुलांवर उपासमार आली. त्यांच्यासाठी इंग्लंडात पैसे गोळा करणाऱ्यांना एक कल्पना सुचली. सिझेकच्या वर्गातली चित्रे १९२० मध्ये लंडनला आणून मांडली गेली, पुढे ती गावोगाव फिरली, आणि त्यांच्या छापील प्रती व कार्डे विकून येणारा पैसा ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधीला गेला. १९२२ मध्ये मुलांच्या नाताळच्या चित्रांचे एक पुस्तकही निघाले. शंभर वर्षांपूर्वी लंडनचे धर्मादाय शाळेतले पोर आपला कित्ता दाखवून दारोदार पैसे मागत होते, आणि येथे पुन्हा मुलाच्या कागदावर पैसा जमत होता. फरक पाहावयाचा तर तो कागदावरच दिसतो. पहिल्यावर मुलाचे असे काहीच नव्हते, चित्र मुद्रकाचे आणि वाक्य मास्तरांचे. दुसऱ्यावर बर्फात घसरणारी, झाडाभोवती दाटलेली माणसे मुलाने स्वतः पाहिलेली होती. लोक दयेने आले आणि चित्रे पाहत राहिले, आणि इंग्लंडच्या चित्रकला शिक्षकांवर त्या प्रदर्शनाचा जो परिणाम झाला, तो निधी संपल्यावरही टिकला. अर्थात सिझेकवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला रास्त वाटतो. त्याच्या वर्गातली चित्रे जरा अधिकच नीटस आहेत, एकमेकांसारखी आहेत. मोकळीक देणाऱ्या गुरूची आवड मुलांच्या बोटांत नकळत उतरली होती. घरी मुलाचे कार्ड ‘जरासे नीट’ करून देणाऱ्या आईबापांनाही हे लागू पडेल.

सिझेकच्या विद्यार्थिनींपैकी एक होती फ्रीडल डिकर. पुढे ती बाउहाउसमध्ये शिकली, नावाजलेली चित्रकार झाली, आणि ज्यू म्हणून १९४२ च्या डिसेंबरात तिला नाझींनी तेरेझीनच्या बंदिस्त शहरात धाडले. हे तेरेझीन सिझेकच्या जन्मगावाच्या अगदी शेजारी. बरोबर नेता येईल एवढ्या मोजक्या सामानात तिने चित्रकलेचे साहित्य भरले होते. तेथल्या मुलांच्या कोठ्यांत ती चित्रकलेचे वर्ग घेऊ लागली. कचेरीतले वापरलेले कागद उलट बाजूने घ्यावयाचे, रंगीत चिटोरे कापून चिकटवावयाचे. प्रत्येक कागदावर मुलाने आपले नाव लिहिलेच पाहिजे, असा तिचा कटाक्ष असे. कोलच्या कार्डावर ‘यांजकडून’पुढे एक कोरी जागा होती हे मी मघाशी सांगितले, जेथे माणसाला वाहतुकीच्या यादीतल्या आकड्याने ओळखीत, तेथे ती जागा भरणे म्हणजे काय असेल, याचा आपणच विचार करावा. १९४४ च्या ऑक्टोबरात फ्रीडलला ऑश्विट्झला नेले गेले. ती परतली नाही. मुलांची कोणी साडेचार हजार चित्रे दोन सूटकेसांत भरून मागे ठेविली होती, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांवरची बहुतेक नावे मृतांच्या याद्यांतही सापडतात.

युद्ध संपल्यावर त्याच चेकोस्लोव्हाकियात, रुडोल्फोव्ह नावाच्या गावी, मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडून दूध आणि औषधे मिळू लागली. हा निधी १९४६ च्या डिसेंबरात स्थापन झाला होता. गावातल्या सात वर्षांच्या यित्का नावाच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढले. कागद मिळेना, म्हणून तिने ते काचेच्या तुकड्यावर रंगविले. शिक्षिकेने ते निधीच्या प्रागच्या कचेरीकडे पोचते केले, आणि १९४९ मध्ये तेच निधीचे पहिले शुभेच्छापत्र म्हणून छापले गेले. पुढे दुफी, मातिस, पिकासो अशा नामवंतांची चित्रे या कार्डांवर आली, आणि त्यांच्या विक्रीतून जगभरच्या मुलांसाठी पैसा उभा राहिला. पण ती सर्व या मुलीनंतरची.

हे कार्ड नाताळसाठी छापले गेले, आणि त्यावर नाताळातले काहीही नाही. ना सूचिपर्णाचे झाड, ना बर्फ, ना बेथलेहेमचा तारा. चित्र आहे ते वसंतातले. मे महिन्यात त्या देशाच्या गावागावांतून एक उंच खांब उभारतात, त्याच्या टोकाला फुलांचे कडे बांधतात आणि भोवती नाचतात. सूर्य आहे, खांब आहे, आणि त्याभोवती फेर धरलेल्या मुली आहेत. आनंद असा गोल गोल फिरत राहतो, असा त्याचा अर्थ तिने सांगितला होता. हंगामाला धरून चित्र बदलून द्यावे, असे तिला कोणी सुचविले नाही.